रडणारे, घाबरणारे, उडणारे, ऐकणारे आणि मी

माझा मुलगा नितीन मला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायला पुण्याहून आला, तेव्हा दवाखान्याचा पत्ता त्याला मीच सांगितला. बडोद्याच्या रावपुऱ्यात फरसाणचं मोठं दुकान आहे, त्याच्या कडेनं जिना जातो, पहिला मजला. त्या जिन्यावर माझं अर्धं आयुष्य गेलंय. इतकी वर्षं पगारासाठी चढलो, आता पेशंट म्हणून चढायचं होतं. बढतीच म्हणायची.

नितीनचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, आईला जाऊन वर्ष उलटलं. तुम्ही धड जेवत नाही, अंघोळीचा पत्ता नाही, सकाळी उठून आईशी भांडता. एक तर डॉक्टरांना दाखवा, नाही तर घराला कुलूप लावून माझ्याबरोबर चला. तिसरं काही नाही."

पुण्यात त्याचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली वॉचमन दर वेळेला माझं नाव विचारतो आणि वर सून दर वेळेला माझी तब्येत विचारते. दोघांनाही उत्तर नको असतं. तिथं चार दिवस राहिलो की माझं कुंडीतलं झाड होतं. कुणीतरी वेळच्या वेळी पाणी घालतं, बस्स. म्हणजे निवड अशी होती, की बडोद्यात वेडा व्हा नाही तर पुण्यात झाड व्हा.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडं जायला एवढं काय घाबरायचं? त्यातून जो माणूस तिथंच कामाला होता त्यानं? तर तिथं कामाला होतो म्हणूनच घाबरलो. ते कळायचं तर आधी आमचा धंदा समजून घ्या. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्याच आहेत, "शिंदेकाका, नोकरीतले अविस्मरणीय अनुभव लिहा." मी सातवीपर्यंत शिकलेला. शुद्धलेखन बाई सुधारतील. बाकीचं सुधारण्यासारखं राहिलेलं नाही.

मी वॉर्डबॉय होतो. साठीला आलो, केस गेले, तरी बॉयच. पहिल्या मजल्यावर तपासणी, त्याच्या वर आठ-दहा खाटा. डॉक्टरसाहेब आत बसायचे आणि बाहेरच्या बाकापाशी मी. नाव लिहायचं, बसवायचं, पळणाऱ्याला धरायचं, रडणाऱ्याला पाणी द्यायचं. आमच्याकडं येणारं कुणी आमच्याकडं येत नसे. सगळे खालच्या दुकानात फरसाण घ्यायला आलेले असत आणि चुकून वर चढलेले असत. ओळखीचं कुणी भेटलं तर दाखवायला हातात लीलो चिवड्याचं पाकीट हवंच. बाकावर ओळीनं माणसं बसलेली आणि प्रत्येकाच्या मांडीवर हिरव्या चिवड्याचं पाकीट. दुकानाच्या शेठनं दोनदा दुकान वाढवलं. बडोद्याला वेड लागलं नसतं तर तो अजून हातगाडीवर असता.

साहेबांकडं एक जाड पुस्तक होतं. जगातल्या सगळ्या मनाच्या आजारांची त्यात वर्गवारी. दर काही वर्षांनी नवं निघतं. जुन्यात जो आजार असतो तो कधी कधी नव्यात नसतो, म्हणजे माणूस घरात झोपलेला असताना परस्पर बरा होतो. आणि जो जुन्यात नसतो तो नव्यात येतो, म्हणजे बसल्या जागी आजारीही पडतो. मला काही ते पुस्तक वाचता येत नव्हतं. मी माझे चार कप्पे केले होते. रडणारे, घाबरणारे, उडणारे आणि ऐकणारे.

रडणारे म्हणजे डिप्रेशनवाले. त्यांतले निम्मे रडत नाहीतच, नुसते भिंतीकडं बघतात, पण कप्प्याला नाव तर हवं. घाबरणारे म्हणजे ज्यांची छाती धडधडते, हात दहा वेळा धुतात, लिफ्टमध्ये जात नाहीत. आमच्याकडं लिफ्ट नव्हती, त्यामुळं तेवढ्यापुरते ते बरे असत. उडणारे म्हणजे ज्यांना झोप लागत नाही आणि लागायला नकोही असते. खिशात पैसे नसताना जग विकत घेणारे. आणि ऐकणारे म्हणजे ज्यांच्या कानात कुणी नसताना कुणीतरी बोलतं. त्या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. हा शब्द ऐकून बरा माणूसही थोडा आजारी पडतो.

पाचवा कप्पा पुस्तकात नाही. तो आणणाऱ्यांचा. पेशंटला आणणारे नातेवाईक. लोक विचारतात, वेड्यांनी मारलं असेल ना तुम्हाला? मला नोकरीत दोनदाच मार बसला आणि दोन्ही वेळा आणणाऱ्यांचा.

माझ्या हुशारीचा एक नमुना सांगतो. एकदा दोघं आले. एक सफारी घातलेला, चकाचक बूट, हातात चिवड्याचं पाकीट. दुसऱ्याची चप्पल तुटलेली, दाढी वाढलेली, डोळे लाल, जिना चढून धापा टाकत होता. मी तुटक्या चपलेवाल्याला दंडाला धरला, "या भाऊ, घाबरायचं नाही," म्हणत आत नेऊन बसवला. सफारीवाल्याला म्हटलं, "शेठ, तुम्ही बसा, चहा घ्या." आतला माणूस पाच मिनिटं साहेबांच्या प्रश्नांची उत्तरं देत राहिला. झोप येत नाही? नाही येत. जीव नकोसा होतो? होतो. शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, मी ड्रायव्हर आहे. आजारी शेठ आहेत. रात्रभर गाडी चालवायला लावतात, म्हणतात चंद्रापर्यंत रस्ता आहे." बाहेर शेठनं तोवर माझ्याकडून दुसरा चहा मागवला होता आणि मला त्यांच्या कंपनीत मॅनेजर केलं होतं. पगारही ठरला होता. साहेबांनी त्या दिवशी दोघांनाही औषध दिलं. ड्रायव्हरला झोपेचं.

साहेब मोठे डॉक्टर, पण पुस्तक लगेच उघडत नसत. आधी चार गोष्टी विचारत. हे वागणं त्याच्या चारचौघांत बसतं का? त्रास होतोय का, आणि होतोय तो कुणाला? रोजचं काम अडलंय का? जिवाला धोका आहे का, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या? आणि मग, हे किती दिवस चाललंय? सगळं मिळून जुळलं तरच नाव द्यायचं. नुसतं विचित्र वागला म्हणून आजारी म्हणायचं झालं, तर साहेब म्हणत, "शिंदे, अर्ध्या बडोद्याला खाटा पुरवाव्या लागतील."

नवरात्रात आमच्याकडं गर्दी वाढे. एका वर्षी एक सासू सुनेला घेऊन आली. आपलीच मराठी माणसं, दोन-तीन पिढ्या बडोद्यातली, गरब्याला पहिल्या रांगेत. त्या वेळी आमच्याकडं बाहेरगावचा एक शिकाऊ डॉक्टर होता. सुनेच्या अंगात येतं, आवाज बदलतो, ती स्वतःला देवी म्हणवते, नंतर काही आठवत नाही, एवढं ऐकल्यावर त्यानं कागदावर एक लांबलचक नाव लिहूनही टाकलं. साहेबांनी कागद बघितला आणि सासूला विचारलं, "यांच्या अंगात कधीपासून येतं?"

"दोन वर्षं झाली. आमच्या घराण्यात नवं नाही हो ते. माझ्या सासूच्या यायची, माझ्या यायची."

"मग आता काय बिघडलं?"

"बिघडलं म्हणजे? माझी देवी नारळ मागायची. हिची देवी वॉशिंग मशीन मागते!"

सून मान खाली घालून बसलेली. पदराचं टोक दातात. हसत होती की रडत होती, मला बाकापासून दिसलं नाही.

"नवरात्र संपल्यावर येते का देवी?"

"दसऱ्याला जाते."

"घरातलं करतात सगळं?"

"करते. देवी गेली की लगेच भाकऱ्या थापते."

"कुणाला इजा?"

"खर्चाची नाही का इजा?"

साहेबांनी लांब नाव खोडलं. शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "यांच्या मांडवात दहा जणींच्या अंगात येतं आणि मांडवातल्या कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. तो त्यांचा रिवाज झाला, आजार नव्हे." आणि सासूला म्हणाले, "बाई, मशीन घ्या. आमच्या औषधापेक्षा स्वस्त पडेल." पुढल्या वर्षी ती सासू भेटली. देवीनं आता फ्रिज मोठा मागितला होता.

पण यात गंमतच गंमत होती असं समजू नका. दुसऱ्या एका घरात देवी दसऱ्याला गेलीच नाही. ती बाई जेवेना, झोपेना, पोटच्या पोराला ओळखेना. आणि घरचे नारळ फोडत राहिले, कारण आपल्यात असतं. आणली तेव्हा दोघांनी उचलून आणावी लागली. वजन म्हणाल तर ओल्या टॉवेलएवढं. रिवाज कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो ती रेघ कुणी आखून ठेवलेली नाही. साहेबांचेही अंदाज चुकले आहेत. मी तर रोजच चुकायचो, पण माझ्या चुकण्याला कुणी फी देत नव्हतं.

फतेगंजच्या बाजूच्या कॉलेजातली मुलंही यायची, मानसशास्त्र शिकणारी. वह्या घेऊन बाकासमोर उभी राहायची, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखी. एकानं मला विचारलं होतं, "काका, एखादा चांगला स्किझोफ्रेनिक दाखवा ना." मी म्हटलं, "चांगले सगळे गेले, हलका माल शिल्लक आहे." त्यांच्या बाई आत जाऊन साहेबांशी बोलत तेवढ्या वेळात त्या मुलांना स्वतःलाच सगळे आजार होत. एक मुलगी म्हणाली, "काका, मी गॅस बंद केला का ते दोनदा बघते. मला ओसीडी आहे." दुसरा म्हणाला, मला सोमवारी कॉलेजला यावंसं वाटत नाही, डिप्रेशन असेल. मी त्यांना चिवड्याचं पाकीट द्यायचो. खाल्ला तर बरे, नाही खाल्ला तर आत पाठवायचे. एकही आत गेला नाही.

आता प्रभाकरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी का घाबरलो ते कळेल.

प्रभाकर मकरपुऱ्यात एका कारखान्यात फिटर होता. उडणाऱ्यांतला. आजार वर आला तेव्हा त्यानं कंपनीच्या अख्ख्या बसला आइस्क्रीम खायला घातलं, स्कूटर विकून बँडवाले आणले आणि मालकाच्या केबिनमध्ये जाऊन त्याला सांगितलं, "तुम्ही थकलात, आता मी बघतो." महिनाभर वरच्या खाटेवर होता. औषधानं खाली उतरला, चांगला झाला, कामावर परत घेतला. पण उडणाऱ्यांचं औषध सुटत नाही. दर महिन्याला तपासायला यायचा. बरोबर थोरला भाऊ.

एकदा भाऊ अवेळीच घेऊन आला. साहेबांनी विचारलं, काय झालं?

"काल मोठ्यानं हसला, साहेब."

"कशाला?"

"टीव्हीला."

"विनोदी कार्यक्रम होता?"

"हो."

"तुम्ही हसलात?"

"मी हसलेलं चालतं, साहेब."

साहेबांनी समजावून परत पाठवला. पुन्हा महिन्यानं हजर. हसला म्हणून आणला. मग बायकोशी भांडला म्हणून आणला. मग नवा शर्ट घेतला म्हणून आणला. प्रभाकर मला म्हणायचा, "शिंदे, तुम्ही मोठ्यानं हसलात तर लोक म्हणतात रंगात आले. मी हसलो की विचारतात, गोळी घेतली का?" शेवटी तो हसायचा थांबला. घरात गप्प बसायला लागला. तर भाऊ आला घेऊन.

"आता काय?"

"साहेब, हल्ली हसतच नाही."

मी बाकापाशी उभा होतो. मला हसू फुटलं, दाबलं, आणि प्रभाकरकडं बघितल्यावर ते पुढं आलं नाही.

सांगायचा मुद्दा असा की पुस्तकातलं नाव कागदावर लिहितात, पण चिकटतं माणसाला. औषध उतरतं, आजार उतरतो, नाव उतरत नाही. एकदा ते लागलं की तुम्ही रागावता तो आजार, हसता तो आजार, गप्प बसता तो तर आजारच. लहान पोरांना हळूच तुमच्यापासून लांब बसवतात. सुरी तुमच्या हातून घेऊन दुसऱ्याच्या हातात देतात, ते सुद्धा गोड बोलून. हे मी बाकावर शेकड्यानं बघितलंय. म्हणून नितीनला मी म्हटलं, "नाव लावून घेण्यापेक्षा मी उपाशी मरेन." तो म्हणाला, "तेच चाललंय तुमचं."

खोटं नव्हतं ते.

माझी बायको शालन गेली काविळीच्या निमित्तानं. आधी महिनाभर चालत फिरत होती आणि मग नव्हती. आमचा संसार गोडीगुलाबीचा होता असं कुणी सांगितलं तर आमच्या सोसायटीतले लोक पडून हसतील. आम्ही रोज भांडायचो. बडोद्यात नळाला पाणी सकाळी ठरल्या वेळेला येतं, तेवढ्यात मोटर लावून वरची टाकी भरायची. शालन स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, मोटर!" मी पडल्या पडल्या म्हणायचो, "हो, लावतो." पाच मिनिटांनी पुन्हा, "अहो, मोटर!" "अगं लावतो म्हटलं ना!" तिसऱ्यांदा ती जे काही म्हणायची ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्यात माझं खानदान यायचं. तेव्हा मी उठायचो. इतकी वर्षं आमच्या टाकीत पाणी तिसऱ्या हाकेनं चढलंय.

ती गेल्यावरही पाण्याची वेळ झाली की माझ्या तोंडून निघतं, "हो, लावतो." चांगलं मोठ्यानं. शेजारच्या ज्योत्स्नाबेननी ते ऐकलं आणि सगळ्या सोसायटीला सांगितलं, "शिंदेभाई हजी भाभी साथे झगडे छे!" म्हणजे अजून बायकोशी भांडतात. त्यांच्याच फोनवरून ते नितीनपर्यंत पोचलं.

मला तिचा आवाज ऐकू येतो का? नाही. ऐकणारे मी इतके बघितलेत की तो फरक मला कळतो. ऐकणाऱ्याला खरंच ऐकू येतं, तो वळून बघतो. मी वळून बघत नाही. मला ठाऊक असतं ती आत्ता काय म्हणाली असती, एवढंच. पण म्हणून मी उठतोही नाही. पहिल्या दोन हाका माझ्या मीच धरून चालतो, तिसरी येत नाही. पाणी निघून जातं. टाकी कोरडी, मग अंघोळ नाही, भांडी तशीच, भांडी तशीच म्हणून स्वयंपाक नाही. ज्योत्स्नाबेन भिंतीवरून पाइप टाकतात तेव्हा प्यायला मिळतं. वरून टोमणा, "शिंदेभाई, मोटर बटणानं चालते, भांडणानं नाही."

तर गेलो. जिना तोच. नितीन पुढं, मी मागं. साहेब वारले त्याला बरीच वर्षं झाली. आता त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीणबाई बसतात. बाकावर बसलो. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी कधी बसलो नव्हतो, उभाच असायचो. बसल्यावर कळलं की त्याची पाठ फार सरळ आहे, माणूस टेकूच शकत नाही. मला कुणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी ते लक्षण समजलो असेन.

मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं की कुठल्या कप्प्यात टाकतात हे मला पाठ. झोप? उत्तम. भूक? उत्तम. मरावंसं वाटतं? छे, महागाईत कोण मरतं. पाच मिनिटांत बाहेर आणि नितीनची पुण्याची गाडी, तो एकटाच. असा बेत.

आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शिंदेकाका, झोप कशी आहे?"

मी म्हटलं, "बाई, हे प्रश्न मी तुमच्या जन्माआधीपासून ऐकतोय."

त्या म्हणाल्या, "बरं झालं. माझा घसा बसलाय. तुम्हीच विचारा, तुम्हीच उत्तर द्या. मी लिहून घेते."

नितीन माझ्याकडं बघायला लागला. मलाही चेव आला. मी बाकापाशी उभा राहायचो तसा आवाज लावला. "झोप लागते का? लागते. जेवण जातं का? कधी कधी. बाहेर जाता का? जात होतो, आता नाही, सोसायटीच्या ओट्यावर सगळे तिचाच विषय काढतात. तिची आठवण रोज येते का? येते. दिवसभर? मधे मधे जेवणाची सुट्टी असते. ती गेलीय हे पटलंय का?"

हा प्रश्न मीच विचारला. सवयीनं, ओळीतला होता म्हणून.

मी म्हटलं, "पुढचा प्रश्न."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी याचं उत्तर."

"रात्री पटतं."

"आणि सकाळी?"

"सकाळी पटलं असतं तर मोटर मीच नसती का लावली?"

नितीन उठून खिडकीशी गेला. खालून तळणाचा वास येत होता. मी रडलो नाही. मी रडणाऱ्यांतला नाही. फक्त नाक गळत होतं, आणि त्यासाठी त्यांच्या टेबलावर कागदी रुमाल होते. आमच्या वेळेला नव्हते, आम्ही पेशंटच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचो आणि बघायचो नाही.

मग त्या सरळ बोलल्या. म्हणाल्या, काका, बायको गेल्याचं दुःख हा आजार नाही. पण वर्षाच्या वर ते रोज तसंच राहिलं, पटलंच नाही, आणि जेवण-अंघोळ अडली, तर नव्या पुस्तकात त्याला वेगळं नाव आहे.

"म्हणजे शालनचा कप्पा केला तुम्ही लोकांनी?"

"शालनकाकूंचा नाही. तुमचा."

"वर्षभर रडायला परवानगी आणि पुढं दंड?"

"दंड नाही, मदत."

"गोळी देणार? गोळीनं मी तिला विसरणार असेन तर मला नको."

"विसरायची गोळी नाही काका."

"मग इतक्या वर्षांत तुमच्या खात्यानं केलं काय?"

त्या हसल्या. मोठ्यानं. त्यांनी हसलेलं चालतं.

नितीननं खिडकीपासून वळून विचारलं, "म्हणजे आजार आहे ना? मग मी घेऊनच जातो पुण्याला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेऊ नका. यांना इथंच दर पंधरा दिवसांनी येऊन बसून बोलावं लागेल. आणि सकाळी मोटर लावायला लागतील, तेव्हा ती त्या घरातच लावायला हवी. तुमच्याकडं अकराव्या मजल्यावर चोवीस तास पाणी असेल."

आहे. म्हणजे बघा, ज्या शिक्क्याला मी जन्मभर भ्यालो, त्याच शिक्क्यानं मला बडोद्यात ठेवून घेतलं. मी म्हटलं, "लिहा. काय नाव असेल ते लिहा, नीट अक्षरात लिहा." त्यांनी लिहिलं. इंग्रजीत होतं. मी वाचलं नाही. नितीन वाचत होता, तेव्हा त्याचे ओठ लहानपणी धडा वाचताना हलायचे तसे हलत होते. दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला. जाताना मला नमस्कार केला आणि सुरी वरच्या फळीवर ठेवून गेला. मी ती परत खाली घेतली.

आता मी दर पंधरा दिवसांनी जातो. काय बोलतो ते सांगणार नाही, तो माझा आणि डॉक्टरीणबाईंचा मामला. गुण येतो का, म्हणाल तर टाकी कधी भरते, कधी नाही. बाकावर तासभर थांबावं लागतं, मोठ्या डॉक्टरांची तीच खूण.

मागच्या खेपेला शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ येऊन बसला. इस्त्रीचा सदरा, मांडीवर चिवड्याचं पाकीट. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

मी म्हटलं, "बायको वारली."

"अरेरे. पण मग इथं कशाला?"

"पुस्तकात आलंय म्हणे. वर्षाच्या वर दुःख टिकलं की इकडं यायचं."

त्याला हे फारच हास्यास्पद वाटलं. म्हणाला, "काहीही काढतात हो हे डॉक्टर लोक! माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. मला तर काही झालं नाही."

"मग तुम्ही कशाला आलात?"

त्यानं पाकीट या मांडीवरून त्या मांडीवर ठेवलं.

"झोप येत नाही," म्हणाला. "सहा वर्षं झाली."